एकोणसाठी

आत्या, तुझा टॅब मी उचलून आणला आहे. कोणाला विचारलं नाही. तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, मंडपवाल्याची माणसं खुर्च्या एकात एक घालायला लागली, तेव्हा तुझ्या खोलीत गेले, उशाशी ठेवलेला टॅब आणि चार्जर पिशवीत टाकला आणि अकोल्याची एसटी धरली. मूर्तिजापूर यायच्या आत समीरदादाचा फोन आला.

"मंजू, आईचा टॅब दिसून नाही राहिला."

"माह्याजवळ आहे."

"अवं, ओवीले पायजे होता. शाळेच्या अभ्यासाले. त्यातलं सगळं पुसून, नवा करून देतो म्हटलं तिले."

"पुसायचा नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला. शेजारच्या सीटवरची बाई माझ्याकडे पाहायला लागली. पाहू दे.

दादाचं चुकलं असं मी म्हणत नाही. तो तुझा मुलगा, टॅब त्याच्या घरातला, आणि त्याची पोरगी तिसरीत आहे. पण त्याला हे माहीत नव्हतं, की आपला गेम त्या एका टॅबमध्येच आहे. इतके दिवस आपण दोघींनी उघडलेली सगळी दारं त्यात आहेत, आणि न उघडलेलं एक. टॅब पुसला की सगळं गेलं. आणि ते एक दार उघडल्याशिवाय मला कधीच कळणार नव्हतं, की तू खरं बोलत होतीस की थापा मारत होतीस. तू गेलीस म्हणून मी तो वाद सोडून देईन, असं कोणाला वाटत असेल तर ते मला ओळखत नाहीत. तुलाही ओळखत नाहीत.

कार्यक्रमात तुझ्याबद्दल लोक काय काय बोलले, सांगू? वंदना झाली आणि एकेक जण माइकवर आला. शांत स्वभावाच्या होत्या. सोशिक होत्या. कधी कोणाला उलट बोलल्या नाहीत. हे शेवटचं ऐकून बाबा माझ्याकडे पाहायला लागले. ते तुझे धाकटे भाऊ, जन्मभर तुझं उलट बोलणं त्यांच्याएवढं कोणी ऐकलं नसेल. अंजनगावच्या दवाखान्यात तू सिस्टर होतीस तेव्हा डॉक्टरसुद्धा तुझ्या वॉर्डात आवाज खाली करून बोलायचे. मला वाटलं, दुसरीच कोणी बाई गेली आहे आणि आपण चुकीच्या मंडपात येऊन बसलो आहोत.

सुमन सिस्टर गेम खेळायच्या, हे कोणी म्हणालं नाही. मी सांगायला उठत होते, तर काकूने माझा पदर ओढून खाली बसवलं. "लोक काय म्हणतीन?" काकू कुजबुजली. लोक काहीही म्हणोत, मी ते इथे लिहिते. माझी आत्या रिटायर झाल्यावर चष्मा लावून, पाय उशीवर ठेवून, हातात टॅब धरून गेम खेळायची, आणि एखादं दार उघडलं नाही की गेम बनवणाऱ्याला अशा शिव्या द्यायची की ऐकणाऱ्याने कान झाकावे.

सुरुवात तर माझ्यामुळेच झाली. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि पडल्या पडल्या तू घर डोक्यावर घेतलं होतंस. मी माझा जुना टॅब आणून दिला. "हे पोट्ट्याईचे धंदे मले नको सांगू," म्हणून तू तो बाजूला सरकवलास. आठवडा झाला नाही तोच फोन. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "मंजे, ते तिसरं दार उघडून नाही राहिलं. दगडाचा घोडा कुठी ठेवू?"

ती एक जुनी ओसाड सराई होती. दारामागे दार, आणि प्रत्येक दारावर एक गणित. गेममधलं इंग्रजी तुला वाचता यायचं, पण गणित मराठीतच झालं पाहिजे असा तुझा हट्ट, म्हणून मला भाषांतर करून सांगायला लागायचं. तू अमरावतीला, मी इथे अकोल्यात, जुन्या शहरातल्या माझ्या मेडिकलमध्ये. दुपारी गिऱ्हाईक नसलं की फोन काउंटरवर ठेवायचा, स्पीकर लावायचा आणि आपलं सुरू व्हायचं. एकदा शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातले चाचा खोकल्याचं औषध घ्यायला येऊन उभे होते आणि मी तुझ्यावर ओरडत होते, "निळी वीट उचल, निळी." औषध घेऊन जाताना ते म्हणाले, "मकान बांधून राहिले का, बेटा?" हे मी तुला सांगितलं तर पुढचे कितीतरी दिवस तू फोनवर पहिल्यांदा विचारायचीस, "मकान कुठवर आलं?"

नियम तुझेच होते. एक दार तुझं, एक माझं. ज्याची बारी असेल त्यानेच सोडवायचं. दुसऱ्याला उत्तर आलं तरी सांगायचं नाही. आणि नेटवर पाहायचं नाही, हा सगळ्यात मोठा. मी एकदा म्हटलं, नेटवर सगळ्या दारांची उत्तरं पडलेली आहेत, कशाला जीव काढायचा. तुला राग आला. "पाहून उघडलं त ते उघडलं नाही, तोडलं. तोडायचं असन त मले फोन नको करू."

मग दिवाळीच्या सुमारास दिव्यांचं दार आलं. बारी माझी होती.

सराईच्या राखणदाराजवळ काही दिवे आहेत, शंभराहून कमी. दोन-दोनच्या ओळी लावल्या तर एक दिवा उरतो. तीन-तीनच्या लावल्या तर दोन उरतात. चार-चारच्या लावल्या तर तीन उरतात, पाच-पाचच्या लावल्या तर चार, सहा-सहाच्या लावल्या तर पाच. तर दिवे किती? दारावर आकड्यांची दोन चाकं होती. चुकीचा आकडा लावला की अंगणातले सगळे दिवे विझायचे आणि एकेक बोटाने पुन्हा लावत बसावं लागायचं. म्हणजे अंदाजपंचे चालवायचीही सोय नव्हती.

मी अडकले. सहाचं जमलं की पाचाचं बिघडायचं. पस्तीस धरले तर सहाच्या ओळी लावून बरोबर पाच उरायचे, पण पाचाच्या ओळी लावल्या की काहीच उरायचं नाही. एक धरलं की दुसरं सुटायचं. दिवाळी गेली, थंडी पडली, आणि मी अजून उरलेल्या दिव्यांच्या मागे धावत होते.

तुला मात्र ते दार समोर आलं त्याच संध्याकाळी उत्तर आलं. म्हणजे तू तसं म्हणालीस.

"मले माईत आहे," तू म्हणालीस.

"सांग मंग."

"सांगून नाही राहिली. बारी तुही आहे."

मला ते खरं वाटलं नाही. उत्तर आलं की तू टाळी वाजवायचीस, खोलीत बसलेल्या सगळ्यांना ऐकवायचीस, समीरदादाला स्वयंपाकघरातून बोलावून घ्यायचीस. या वेळी तू नुसती गप्प. मी म्हटलं, "आत्या, तुले येत नाही. थापा मारून राहिली तू." त्यावर तू हसलीस आणि पुन्हा तेच, मले माईत आहे, सांगून नाही राहिली. त्यानंतर तुझं हे ठरूनच गेलं. मी बीपीच्या गोळ्यांचं विचारायला फोन करो की भाजी काय केली म्हणून, फोन ठेवता ठेवता तू ते वाक्य म्हणायचीस आणि मी चिडून लाल बटण दाबायचे.

जानेवारीत तुला साठ वर्षं पूर्ण झाली. घरात एकसष्टीचा घाट घातला गेला. हॉल, जेवण, सगळ्यांना निमंत्रण. तू व्हिडिओ कॉलवर सगळ्यांसमोर सांगितलंस, "एकसष्टी नको मले. एकोणसाठी करा माही."

सगळे हसले. बाबा म्हणाले, "वय कमी करून राहिली का अक्का?"

"हव," तू म्हणालीस. "एकानं कमी."

केक आणायचं काम समीरदादाकडे होतं. दादा इंग्लिश मीडियममध्ये शिकलेला, एकोणसाठ ऐकलं, एकोणचा नऊ केला आणि पुढचा साठ तसाच ठेवला. खोकं उघडलं तर केकवर चॉकलेटने मोठ्ठा आकडा काढलेला, 69. काकूने तोंडाला हात लावला. बाबा दादाकडे आणि दादा केककडे पाहत राहिला. एका केकने तुला एकदम म्हातारी करून टाकलं होतं. तू मात्र अशी हसायला लागलीस की पदराने डोळे पुसावे लागले. मग सुरी घेतलीस, आणि केक कापायच्या आधी सुरीच्या टोकाने त्या सहाच्या पोटाची डावीकडची रेघ हलकेच खरवडून काढलीस. सहाचा पाच झाला.

"एक रेघ कमी केली, झालं," तू म्हणालीस. पहिला तुकडा दादाला नाही, ओवीला नाही, मला भरवलास. "घे मंजे. खा आन् डोकं चालव."

मी खाल्ला. केक चांगला होता.

कार्यक्रमात दादाने ही केकची गोष्ट सांगितली. तेवढाच एक जण खरं काहीतरी बोलला. आईला वय लपवायची हौस होती, असं म्हणाला, लोक हसले, आणि सांगता सांगता तो स्वतःच रडायला लागला. मीही हसले. त्या दुपारभरात तेवढ्याच वेळी तू मंडपात असल्यासारखी वाटलीस.

बाकी सगळे मला एकच सांगत होते. जे येत होतं ते पाठीवरून हात फिरवायचं आणि म्हणायचं, गेलेल्याचं काय करतं पोरी, आता उरलं त्याच्याकडे पाह्य. काकू म्हणाली. दादाच्या सासूबाई म्हणाल्या. तुझ्याच दवाखान्यातल्या कोणी एक बाई म्हणाल्या. त्यांचा हेतू चांगला होता, आणि मला त्यांचे हात झटकून टाकावेसे वाटत होते. ही चीड मी कुठून घेतली, ते मला माहीत आहे.

मी अकरावीत होते. सुट्टीत तुझ्याकडे अंजनगावला आले होते आणि तुझी ड्युटी संपायची वाट पाहत वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. आत एका बाईला जुळं झालं होतं आणि त्यातलं एक बाळ गेलं होतं. नवीन आलेली सिस्टर तिला समजावत होती, एक तर हाती आहे न तुझ्या, त्याच्याकडे पाहा. तू त्या सिस्टरला दंडाला धरून बाहेर आणलंस, अगदी माझ्यासमोर.

"उरलेलं काहून दाखवून राहिली तिले? उरलेलं दिसते तिले, आंधळी नाही ते. एक कमी आहे, हे कोणीतरी म्हण न तिच्यापाशी."

मग तू आत गेलीस आणि त्या बाईच्या खाटेवर बसलीस. काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही. इतका वेळ गप्प असलेली ती बाई मोठ्याने रडायला लागली. घरी येताना मी म्हटलं, तू तिला उगाच रडवलंस, आणि आपलं रस्ताभर वाजलं. "तुले समजन तवा समजन," म्हणून तू विषय संपवलास.

आता या रविवारचं सांगते. दुकान अर्धं उघडं होतं. टॅब काउंटरवर ठेवला. नेटवर पाहिलं असतं तर तिथल्या तिथे उत्तर मिळालं असतं, आणि मला अडवायला आता कोणी नव्हतं. तरी पाहिलं नाही. तू नाहीस म्हणून तुझे नियम रद्द झाले, असं मी मानत नाही. जिवंत माणसांचे नियम तर सगळेच पाळतात.

त्या अंगणात आपल्याला हवे तसे दिवे मांडून पाहता येतात, ते तुला माहीतच आहे. इतके महिने मी इथे कागदावर पूर्ण ओळी मांडत होते आणि उरलेले मोजत होते. रविवारी पूर्ण ओळी सोडून दिल्या, कंटाळाच आला होता त्यांचा. फक्त शेवटची, अर्धवट राहणारी ओळ तेवढी मांडली. सहाची ओळ, तिच्यात पाच दिवे. तिच्याखाली पाचाची, तिच्यात चार. मग चाराची, मग तिनाची, मग दोनाची. आणि पाहत बसले.

प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जागा रिकामी होती.

कितीतरी वेळ मी ते पाहत होते, आत्या. पाच उरले, चार उरले, तीन उरले, असं मी घोकत आले होते, कारण गेममध्ये तसं लिहिलं होतं आणि मीच त्याचं तसं भाषांतर केलं होतं. उरलेले आकडे सगळे वेगवेगळे, म्हणून त्यांचा मेळ लागत नव्हता. कमी मात्र सगळीकडे सारखाच होता. एक. आणि तुझा आवाज त्या वॉर्डाच्या दारातून जसाच्या तसा आला, एक कमी आहे, हे कोणीतरी म्हण न.

म्हटलं मी. दुकानात, मोठ्याने. एक कमी आहे.

एक दिवा आणखी असता तर सगळ्या ओळी भरल्या असत्या. दोनाच्या, तिनाच्या, चाराच्या, पाचाच्या, सहाच्या. या सगळ्यांनी पुरा भाग जातो असा शंभराच्या आतला आकडा एकच, साठ. त्यातून एक कमी. आणि गणित मराठीतच करायची सवय तू लावून ठेवलेली, म्हणून तोंडातून ते मराठीतच निघालं. एकोणसाठ.

आकड्याच्या नावातच उत्तर होतं. एकाने उणे साठ. लहानपणापासून हे आकडे म्हणत आले आणि एकोण म्हणजे काय म्हणतोय, याकडे कधी लक्ष गेलं नाही. इंग्रजीत म्हटलं असतं तर या वेळीही गेलं नसतं.

आणि मग केक आठवला. एकोणसाठी करा माही. एकानं कमी. एक रेघ कमी केली, झालं. घे मंजे, खा आन् डोकं चालव.

तू वय लपवत नव्हतीस. भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत तू मला उत्तर सांगितलंस, केकवर लिहून दाखवलंस, वर माझ्या तोंडात घातलंस, आणि मी ते चावून गिळून टाकलं. तुला येत होतं. दिवाळीपासून येत होतं. मी रडले, आत्या. चांगली भोकाड पसरून रडले. चाचा बांगड्यांच्या दुकानातून धावत आले, त्यांनी काही विचारलं नाही, पाण्याचा ग्लास ठेवला आणि स्टुलावर बसून राहिले. उरलेल्याकडे पाहा, असं ते म्हणाले नाहीत. बरं झालं.

पण म्हणून तू जिंकलीस असं समजू नको. नियम तुझा आणि तूच तो मोडलास. उत्तर सांगायचं नाही म्हणजे केकवरही लिहायचं नाही. तू म्हणशील, इशारा म्हणजे उत्तर नव्हे. मी म्हणते, पूर्ण आकडा लिहून दिला तर तो इशारा कसा? यावर आपण एक अख्खी दुपार भांडलो असतो. ते भांडण मी बाकी ठेवलं आहे, मिटवलेलं नाही. आणि हेही ऐकून ठेव, तुझ्यासारखी आत्या मला मिळाली याचा मला गर्व आहे. हे मी तुला कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, "काहून, पैसे पायजे का?"

डोळे पुसले आणि चाकं फिरवली. पाच. नऊ. दिवे विझले नाहीत. दार सरकलं. ते उघडताना होणारा घर्रर्र आवाज तुला आवडायचा, म्हणून आवाज पूर्ण मोठा केला होता.

लगेच समीरदादाला फोन लावला. "दादा, आत्या वय लपवून नव्हती राहिली," म्हटलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"म्हणजे माह्या केकावरच उत्तर होतं," तो म्हणाला. "अन् मी थे चुकवलं. तिले सहाचा पाच करा लागला." नाक ओढल्याचा आवाज आला, मग हसण्याचा. "लय डांबरट होती आई."

"हे माइकवर सांगायला पायजे होतं, दादा."

"हव," तो म्हणाला. मग म्हणाला, "बरं, मंग आता झालं न तुमचं दार. आता देतं का टॅब ओवीले?"

"नाही. पुढचं दार आहे."

"त उघड न."

"बारी आत्याची आहे."

"मंजू..."

"मले समजते दादा. डोकं ठिकाणावर आहे माह्यं. तरी बारी तिचीच आहे. अन् तवरीक तो पुसायचा नाही."

मागे कुकरची शिट्टी झाली, ओवी काहीतरी मागत होती. "बरं," तो म्हणाला. "ओवीले दुसरा पाहतो मी. चार्ज करून ठेवत जाय."

ठेवते आहे. सकाळी शटर वर केलं की आधी टॅब चार्जिंगला लावते, मग गल्ला उघडते. काकूला कळलं तर ती म्हणेल, किती दिवस असं, आता पुरे कर, मन घट्ट कर. करणार नाही. मला एकटीने उरलेली दारं उघडत सुटायचं नाही. आपल्या घरात एक कमी आहे, आणि ते कमीच राहणार आहे. त्या जागेवर कोणी दुसरं काही आणून ठेवलेलं मी चालवून घेणार नाही.

पुढचं दार मी पाहून ठेवलं आहे. अंगणात एक विहीर आहे, तीन घागरी आहेत, आणि दारावर या वेळी एकच चाक आहे. सोपं आहे, आत्या. माझा चहा निवायच्या आत उत्तर आलं. चाकाला हात लावलेला नाही. बारी तुही आहे.

मले माईत आहे. सांगून नाही राहिली.